भावाला पायलट व्हायचंय: एक कोटीचा कॅडेट प्रोग्राम की साधं सीपीएल? आणि टाइप रेटिंगचे पैसे पण आपणच भरायचे का?

लातूरची_ताई

नमस्कार. धाकटा भाऊ यंदा बारावी सायन्सला आहे, फिजिक्स मॅथ्स दोन्ही आहेत, आणि गेली दोन वर्षं घरात पायलट सोडून दुसरा विषय नाही. आधी वाटलं वयाचं खूळ आहे, जाईल. पण पठ्ठ्याने स्वतः डीजीसीएचा (पायलटचं लायसन्स देणारं सरकारी खातं) सिलॅबस डाऊनलोड करून हवामानाचं पुस्तक अर्धं वाचून काढलंय, म्हणजे सिरियस आहे असं धरून चालू.

मागच्या महिन्यात पुण्यात एका हॉटेलात "पायलट करिअर सेमिनार" होता, तिथे पप्पा आणि तो जाऊन आले. तिथल्या लोकांनी सांगितलं की एअरलाइनच्या नावाचा कॅडेट प्रोग्राम घ्या, साधारण एक कोटी पाच ते दहा लाख लागतील, राहणं-खाणं वेगळं, आणि शेवटी नोकरी "जवळजवळ पक्की". दुसरा रस्ता म्हणजे एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स करायचं, ते पन्नास-साठ लाखात होतं म्हणे, पण पुढे एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवायचं ट्रेनिंग वेगळं, त्याचे पंधरा ते वीस-पंचवीस लाख. आणि हे सगळं नोकरी लागायच्या आधी!

मला हेच कळत नाहीये. मी आयटीत आहे, आम्हाला जॉइन झाल्यावर कंपनीने तीन महिने पगार देऊन ट्रेनिंग दिलं. इथे कंपनीच्या विमानावर काम करायला शिकायचं आणि त्याचे पैसे आपण भरायचे हे काय लॉजिक आहे? पप्पा म्हणतात औसा रोडला थोडी जमीन आहे ती तारण ठेवू नाहीतर विकू. आई काहीच बोलत नाही, म्हणजे तिला पटलेलं नाही.

कुणी या लायनीत असेल किंवा घरात कुणी असेल तर प्लीज स्पष्ट सांगा. सेमिनारवाल्यांचे रोज दोन फोन येतायत, "सीट्स भरत आल्यात" म्हणून.

---

विंडसॉक

ताई, मी फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे, ए३२० वर, मूळचा नाशिकचा. लांबण लागेल, पण तुमच्या प्रश्नात जे तीन-चार प्रश्न एकत्र गुंतलेत ते सुटे करतो.

पहिलं म्हणजे "सीट्स भरत आल्यात" हे वाक्य मी बारावीत होतो तेव्हापासून ऐकतोय, सीट्स काही भरत नाहीत. फोन उचलू नका.

दुसरं, एक रुपया कुठे भरायच्या आधी मेडिकल. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे आधी क्लास टू, ते झालं की क्लास वन. सीपीएल क्लास वनशिवाय मिळत नाही. पोरं आधी अकादमीत ॲडव्हान्स भरतात आणि मग कानात, डोळ्यात नाहीतर ईसीजीत काहीतरी निघतं आणि फी परत मिळवायला वर्षभर मेल करत बसतात. सेमिनारमध्ये हे पहिल्या स्लाइडवर सांगायला पाहिजे, सांगतात का?

तिसरं, पेपर. एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक, आणि रेडिओची आरटीआर. डीजीसीएच्या लेखी पेपरांत प्रत्येकी ७० टक्के लागतात. यातलं बरंचसं विमानाला हात न लावता देता येतं. भाऊ हवामानाचं पुस्तक वाचतोय ना, उत्तम, त्याला आधी कंप्युटर नंबर (डीजीसीएच्या परीक्षेचा नोंदणी नंबर) काढून पेपर देऊ दे. दिल्लीत द्वारकेला क्लासेसची अख्खी पेठ आहे, पुण्या-मुंबईतही आहेत, ऑनलाइनही चालतात, खर्च काही लाखांत राहतो, कोटीत जात नाही. नेव्हिगेशन पास झाला तर समजा पोरात दम आहे. झाला नाही तर साठ लाख वाचले, यात वाईट काय.

आता फ्लाइंग. कायद्याने २०० तास लागतात. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे शेजारी इन्स्ट्रक्टर नाही, विमान तुझ्या जिवावर. त्यात क्रॉस कंट्री, त्यातली एक तीनशे नॉटिकल मैलांची, मग इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडायचे) तास, रात्रीचे तास. तुमचे पन्नास-साठ लाख जातात ते या दोनशे तासांच्या पेट्रोलात, मेंटेनन्समध्ये आणि अकादमीच्या नफ्यात. आणि खरी गोम इथे आहे. ब्रोशरवर लिहिलेलं असतं बारा ते चौदा महिने, पण विमानं किती *उडती* आहेत ते विचारा. शेडमध्ये आठ सेसना (ट्रेनिंगची छोटी विमानं) उभ्या आणि उडतायत तीन, बाकीच्या पार्टची वाट बघतायत, असं मी डोळ्यांनी बघितलंय. पावसाळ्यात आमच्याकडे आठवडेच्या आठवडे ढग रनवेला टेकलेले, मग सगळी पोरं हॉस्टेलला कॅरम खेळत बसायची आणि मेसचं बिल चालू. एका विमानामागे किती विद्यार्थी, इन्स्ट्रक्टर किती, गेल्या वर्षी किती जणांचे २०० तास पूर्ण झाले आणि किती महिन्यांत, हे लेखी मागा. दिलं नाही तर तेच उत्तर समजा. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीएने स्वतः फ्लाइंग स्कूलांचं रँकिंग सुरू केलंय आणि पहिल्या यादीत ए प्लस प्लस सोडाच, ए प्लस सुद्धा एकालाही मिळालेलं नाही. ती यादी पप्पांना दाखवा. आणि पैसे एकरकमी *नाही* भरायचे, टप्प्याटप्प्याने, जेवढे तास झाले तेवढे पैसे.

आता टाइप रेटिंग, तुमचा मूळ प्रश्न. सीपीएल झालेला पोरगा सेसना चालवू शकतो, ए३२० नाही. प्रत्येक मोठ्या विमानाचं वेगळं रेटिंग लागतं, आम्ही जुनी माणसं त्याला एंडोर्समेंट म्हणतो. ग्राउंड स्कूल, मग सिम्युलेटर, शेवटी परीक्षा. पूर्वी इंडियन एअरलाइन्स भरती करायची, हैदराबादच्या आपल्या ट्रेनिंग सेंटरला पाठवायची आणि बाँड लिहून घ्यायची. म्हणजे कंपनी आधी खर्च करायची आणि मग पोरगा पळू नये म्हणून बांधून ठेवायची, हिशोब समजण्यासारखा आहे. नंतर स्वस्त तिकिटांचा जमाना आला, विमानं भराभर वाढली, सीपीएलवाले रांगेत उभे, मग कंपन्यांच्या लक्षात आलं की हा खर्च पोरांच्या बापावर टाकता येतो. माझ्या वेळी सिलेक्शन झाल्यावर टाइप रेटिंगचे पैसे मी भरले *आणि* बाँडही लिहून दिला. पैसे माझे तर बाँड कशाचा, असं विचारायची हिंमत तेव्हा नव्हती, बाहेर अजून चारशे जण उभे होते.

एवढंच लक्षात ठेवा: हातात सिलेक्शन लेटर नसताना स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग *करू नका*. विमान न उडवता रेटिंग नुसतं लायसन्सवर ठेवलं तर ते शिळं होतं, परत सिम, परत चेक, परत पैसे. आणि कंपनीला तुमचं विकत घेतलेलं रेटिंग नाही, त्या विमानावरचे *तास* हवे असतात.

कॅडेट प्रोग्रामबद्दल उद्या लिहितो, आता पहाटेची ड्युटी आहे.

---

स्पष्टवक्ता_६५

एक बाजू मांडतो, राग मानू नका. प्रायव्हेट मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला कोट-कोट भरणारे आहेत, पुढे पीजीला वेगळे. तिथे कुणी विचारत नाही की हॉस्पिटलने का नाही शिकवलं. सीए पोरं दोन वर्षं तुटपुंज्या स्टायपेंडवर आर्टिकलशिप करतात. मग पायलटचंच रडगाणं का? पगार लाखात आहे, कॅप्टन झाल्यावर तर विचारूच नका. ज्याला परवडतं त्याने करावं, नाही परवडत त्याने नाद सोडावा. एअरलाइन काही धर्मादाय संस्था नाही, तिकिटं दोन हजाराला विकून ट्रेनिंगही फुकट द्यायचं हे कसं जमणार.

---

जमिनीवरचा_पायलट

स्पष्टवक्ते काका, एमबीबीएस झालेला पोरगा नोकरी नाही मिळाली तर गावात दवाखाना टाकतो. सीपीएलवाल्याने काय टाकायचं? मोठ्या पगाराचं बोलता ते मिळणाऱ्याचं, आणि कधी मिळणार ते तुमच्या हातात नसतं, मुद्दा तो आहे.

मी सीपीएल पूर्ण केलं ते २०१९ च्या सुरुवातीला. त्याच वर्षी १७ एप्रिलला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. एका रात्रीत शेकडो अनुभवी पायलट बाजारात, हजारो तासवाले, रेटिंगवाले. माझ्यासारख्या दोनशे तासवाल्याला कोण विचारतो? म्हटलं वर्षभरात निवळेल. वर्षभराने कोरोना, मार्च २०२० ला विमानंच बंद, मे अखेरीस सुरू झाली ती निम्मी-अर्धी. कंपन्या असलेल्या पायलटांना बिनपगारी घरी बसवत होत्या. मग जरा गाडी रुळावर येतेय म्हणेपर्यंत मे २०२३ ला गो फर्स्ट बंद. परत अनुभवी लोक बाजारात. आधीची पिढी किंगफिशरच्या वेळेला २०१२ मध्ये यातूनच गेली, आमचे एक इन्स्ट्रक्टर त्याच बॅचचे होते, कडवट हसून सांगायचे.

लोकांना वाटतं लायसन्स मिळालं म्हणजे खिशात पडून राहील, नोकरी आली की काढायचं. तसं नसतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी रिन्यू, त्यासाठी दोन इंजिनवालं विमान तासाच्या भाड्याने घ्यायचं, ज्याचा दर सेसनाच्या दुप्पट-तिप्पट, शिवाय एक्झामिनरची तारीख. मी दुसऱ्या राज्यातल्या एका क्लबला जायचो. पहिल्या दिवशी विमान बिघडलेलं, दुसऱ्या दिवशी व्हिजिबिलिटी नाही, तिसऱ्या दिवशी एक्झामिनर नाही. लॉजचं भाडं चालू. शेवटी एकदाची चेकराइड व्हायची आणि परत एसटीने घरी, आणि घरी आल्यावर शेजारचे विचारणार, काय मग, लागली का नोकरी? वर मेडिकल वेगळं. हा सगळा खर्च कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो. ताई, बजेट काढाल तेव्हा "नोकरी लागेपर्यंतची दोन-तीन वर्षं करंट राहायचा, म्हणजे लायसन्स-रेटिंग चालू ठेवायचा खर्च" हा एक कॉलम टाकाच.

माझ्या बरोबरच्या दोघांनी कंटाळून परदेशात जाऊन स्वखर्चाने ए३२० चं रेटिंग केलं, प्रत्येकी वीसच्या वर गेले. त्यानंतर जाहिरात आली तिच्यात लिहिलेलं, टाइप रेटेड *आणि* ए३२० वर किमान पाचशे तास. आता ते पाचशे तास नोकरीशिवाय आणायचे कुठून? विंडसॉक साहेब म्हणतात ते शंभर टक्के खरं.

यावरूनच युरोपात एक भयानक प्रकार चालायचा, पे-टू-फ्लाय, म्हणजे रेटिंग झालेल्या पोराने एअरलाइनलाच पैसे देऊन उजव्या सीटवर बसायचं, मागे तिकीट काढलेले पॅसेंजर, आणि पुढे बसलेला माणूस पगार घेत नाही तर देतोय! तीनशे-पाचशे तासांचं पॅकेज. आपल्याकडे थेट तसं नाही, पण पोरं इतकी अगतिक असतात की उद्या कुणी ऑफर दिली तर रांग लागेल.

आणि एक, तासांवरून आठवलं. फ्लाइंग लवकर संपवून देतो म्हणणाऱ्या एखाद्या ठिकाणी लॉगबुकात न उडलेले तास लिहितात, त्याला लायनीत "पार्कर ५१ चे तास" म्हणतात, पेनाने उडवलेले. भावाला सांगा असल्या गोष्टीत पडला तर लायसन्सच जाईल. २०११ मध्ये खोट्या मार्कशीटवर लायसन्स काढलेले पायलट सापडले होते, अटका झाल्या होत्या, तेव्हापासून डीजीसीए कागद भिंगाखाली धरून बघतं.

मी आता एअरपोर्टवर ऑपरेशन्सला आहे, फ्लाइट प्लॅन काढतो. हप्ते चालू आहेत. परीक्षा अजून देतोय, बघू.

---

कर्जविभाग

बँकेत आहे, एज्युकेशन लोन बघतो. भावना बाजूला ठेवून तीन गोष्टी.

ताई, पप्पा जमीन तारण ठेवणार म्हणतात ती शेतजमीन असेल तर बहुतेक बँका या कर्जाला ती घेणारच नाहीत. कारण सरफेसी (बँकांना तारण विकून वसुली करू देणारा) कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, उद्या हप्ते थकले तर बँकेला ती विकून वसुली करणं अवघड. एनए (बिगरशेती) झालेला प्लॉट, फ्लॅट, घर किंवा एफडी असं काहीतरी लागेल. साडेसात लाखांच्या वर साधारण तारण लागतंच, आणि इथे तर साठ लाख ते कोटीच्या गोष्टी. म्हणजे शेवटी "तारण ठेवू नाहीतर विकू" यातलं "विकू" वरच गाडी येते, तेव्हा घरात आधीच नीट बोला. आई गप्प आहे म्हणालात, तिच्याशी तर नक्कीच बोला.

हप्त्याचा हिशोब. ११ टक्के व्याज आणि १५ वर्षं धरली तर ६० लाखांना महिना साधारण ६८ हजार, एक कोटीला १ लाख १४ हजाराच्या आसपास. हे मुद्दल तेवढंच राहिलं तर. कोर्सचा काळ आणि वर सहा महिने ते वर्षभर हप्ता नसतो पण *व्याज चालूच असतं*, ते भरत गेला नाहीत तर मुद्दलात मिळतं. आणि जमिनीवरचा_पायलट म्हणतात तसं नोकरी लागायला दोन वर्षं लागली तर सवलतीचा काळ केव्हाच संपलेला असतो, मग हप्ता पप्पांच्या पेन्शनमधून किंवा तुमच्या पगारातून. हे तुम्हाला चालणार आहे का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा, कारण को-ॲप्लिकंट म्हणून सही बहुतेक तुमचीच मागतील.

तिसरं, कलम ८० ई ची सूट. एजंट सांगतात व्याजावर टॅक्स वाचतो. वाचतो, पण जुन्या रिजीममध्ये, आठ वर्षं, आणि स्वतःच्या, नवराबायकोच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी. भावासाठी बहिणीने घेतलं तर सूट नाही. पप्पांनी घेतलं तर त्यांना मिळेल.

जाता जाता, कॅटेगरी कुठली ते लिहिलं नाहीत. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल ट्रेनिंगची योजना काढलेली आहे, जागा मोजक्या असतात, त्यांच्या साइटवर नजर ठेवा. एससी असाल तर केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत सीपीएलचा कोर्स बसतो, समाजकल्याण ऑफिसला जाऊन विचारा. सेमिनारवाले यातलं काही सांगणार नाहीत, त्यांचं कमिशन बुडतं.

---

लातूरची_ताई

बाप रे, एवढं सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. शेतजमिनीचं तर आम्हाला माहीतच नव्हतं, पप्पांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प बसले. आम्ही ओपनमध्ये आहोत त्यामुळे योजनांचा उपयोग नाही.

विंडसॉक दादा, कॅडेटबद्दल लिहिताय ना? आणि भाऊ विचारतोय की अमेरिकेत जाऊन केलं तर स्वस्त आणि लवकर होतं का, त्याच्या मित्राचा भाऊ गेलाय.

---

डेझर्ट_ठाणेकर

अमेरिकेवर मी बोलतो, ॲरिझोनात फ्लाइट इन्स्ट्रक्टर आहे, घर ठाण्याला. लवकर होतं का, हो. इथे वर्षातले बहुतेक दिवस आकाश निरभ्र, विमानं भरपूर, आठ-दहा महिन्यांत २०० तास होतात, पावसाळ्याची भानगड नाही. स्वस्त होतं का, आता नाही, डॉलर कुठे गेलाय बघा, राहणं-खाणं-व्हिसा धरलं तर भारताइतकंच किंवा जास्त. आणि परत गेल्यावर लायसन्स कन्व्हर्ट करायचं, त्यासाठी डीजीसीएचे पेपर द्यावेच लागतात, वर तिकडे चेक. म्हणून पेपर आधी देऊन या हे मी सगळ्यांना सांगतो, जे तसेच आलेत ते परत जाऊन वर्षभर पेपरच देत बसलेत.

इथला एक फरक सांगतो. इथे २०० तासांवर एअरलाइनच्या सीटवर बसताच येत नाही. २००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली, त्यानंतर काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही १५०० तास लागतात, ठरावीक कॉलेजातून किंवा सैन्यातून आलेल्यांना थोडी सूट. गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोघांचेही तास १५०० च्या वरच होते, त्यामुळे या नियमाने नक्की काय सुधारलं यावर इथे अजून हाणामारी चालते. पण चौकशीत एक गोष्ट उघड्यावर आली, ती म्हणजे छोट्या एअरलाइनच्या पायलटांचे पगार किती दरिद्री होते, कर्ज काढून शिकलेली पोरं दुकानातल्या कामगारापेक्षा कमी कमवत होती.

मग हे मधले १३०० तास आणायचे कसे? बहुतेक जण माझ्यासारखे इन्स्ट्रक्टर होतात. पगार बेताचा पण *पगार* असतो, आणि तास फुकट जमतात. भारतात हा मधला जिना जवळजवळ नाहीच, २०० तासांवरून थेट ए३२० नाहीतर घर. आणि कंपन्यांना पैसे परवडत नाहीत म्हणणाऱ्या काकांसाठी, इथे २०२२ ला पायलट मिळेनासे झाले तेव्हा त्याच छोट्या कंपन्यांनी पगार भराभर वाढवले, वर जॉइनिंग बोनस. ब्रिटिश एअरवेजने २०२३ ला स्पीडबर्ड म्हणून अकादमी काढली, ट्रेनिंगचा खर्च कंपनीचा, कॅडेट फक्त पास झाला पाहिजे. गरज पडली की पैसे निघतात हो. जोवर बाप जमीन विकायला तयार आहे तोवर कशाला काढतील.

---

स्पष्टवक्ता_६५

बरं बाबा, बोनसचं माहीत नव्हतं. पण भारतात पायलटांचा तुटवडा आहे असं रोज पेपरात येतं, इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियाने ४७०. मग या पोरांना नोकऱ्या का नाहीत?

---

विंडसॉक

काका, हा प्रश्न बरोबर पकडलात. तुटवडा आहे तो कॅप्टनचा आणि त्या-त्या विमानावर तास झालेल्यांचा. २०२३ साली डीजीसीएने १,६२२ सीपीएल वाटली, ते सगळे दाराच्या एकाच बाजूला उभे. त्यांना आत घ्यायला सिम लागतो, ट्रेनर कॅप्टन लागतो, लाइन ट्रेनिंगच्या (प्रवासी फ्लाइटवर ट्रेनरबरोबर उडायच्या) सीटा लागतात, आणि ट्रेनर कॅप्टनच कमी आहेत. विमानं ऑर्डर केली म्हणजे उद्या येत नाहीत, त्यांना दहा-दहा वर्षं लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून ड्युटीच्या वेळांचे नवे नियम पूर्ण लागले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो फ्लाइट रद्द झाली तेव्हा सगळा देश म्हणाला पायलट कमी आहेत, आणि तेव्हाही माझ्या ओळखीची सीपीएलवाली पोरं घरीच होती. त्यांना त्या आठवड्यात घेऊन काही उपयोगच नव्हता, तयार व्हायला महिने लागतात.

आता ताई, कॅडेट. चांगली बाजू आधी सांगतो. परीक्षा, सायकोमेट्रिक, इंटरव्ह्यू हे सगळं *आधी* होतं, म्हणजे कंपनीने तुमच्या पोराकडे एकदा बघितलेलं असतं. फ्लाइंग आणि टाइप रेटिंग एका साखळीत असतं, मध्ये दोन वर्षं लोंबकळणं सहसा नाही. ज्याच्याकडे पैसे *आहेत*, कर्ज न काढता, त्याला मी कॅडेटच सांगेन. तुम्ही जो जास्तीचा पैसा भरता तो शिक्षणाचा नाही, रांगेतल्या जागेचा.

पण ती जागा किती पक्की ते लेटरमध्ये वाचा. तिथे "कंडिशनल" हा शब्द असतो. मी एका ओळखीच्यांचं लेटर वाचलंय, त्यात अटी अशा होत्या: प्रत्येक टप्पा ठरलेल्या प्रयत्नांत पास पाहिजे, मेडिकल टिकलं पाहिजे, आणि शेवटची ओळ, कंपनीच्या *त्यावेळच्या गरजेनुसार*. म्हणजे मंदी आली तर कंपनी मोकळी, पैसे मात्र भरून झालेले. कोरोनात असे कॅडेट लटकले होते. तेव्हा सेमिनारवाल्याला तीन प्रश्न विचारा, मेलवर, फोनवर नाही. जॉइनिंग पुढे ढकललं तर करंट ठेवायचा खर्च कोणाचा? मधल्या टप्प्यात नापास झाला तर किती परत? आणि टाइप रेटिंगचे पैसे आत्ता भरायचे की सीपीएल झाल्यावर? तिसऱ्याचं उत्तर "आत्ताच" आलं तर मी तरी सही करणार नाही.

पगाराचं म्हणाल तर ट्रेनिंगभर स्टायपेंड, लाइनवर रिलीज झाल्यावर (ट्रेनिंग संपून नेहमीच्या फ्लाइटवर लागल्यावर) कंपनी आणि तासांप्रमाणे दीड ते अडीच लाखांच्या आसपास सुरुवात. कर्जविभाग साहेबांचा १ लाख १४ हजारांचा हप्ता यातून वजा करा. मुंबई-दिल्लीत बेस मिळाला तर भाडंही वजा करा. पोरगा पायलट होऊन पहिली चार-पाच वर्षं पप्पांकडेच पैसे मागेल, हे माझ्या घरी झालेलं आहे.

२०२४ मध्ये एअर इंडियाने अमरावतीला बेलोऱ्याला अकादमी जाहीर केलीय, वर्षाला १८० पायलट म्हणाले होते. ती पूर्ण सुरू झाली की आपल्या भागातल्या पोरांना एक पर्याय वाढेल, तिकडे लक्ष ठेवा. गोंदियाला बिरसीची आहेच, यूपीत फुरसतगंजची सरकारी इग्रुआ आहे, तिची प्रवेश परीक्षा भावाने द्यावीच, फी तिथेही कमी नाही पण नाव जुनं आहे. आणि डीजीसीए मान्य अकादमीच्या मान्य कोर्सवर जीएसटी नाही हे २०२४ ला जीएसटी कौन्सिलने स्पष्ट केलंय, कोटेशनमध्ये १८ टक्के लावून आले तर कशावर लावलाय ते विचारा.

---

लातूरची_ताई

काल रात्री घरात बैठक झाली. ठरलं असं की जमीन विकायची नाही, निदान आत्ता नाही. बारावीची परीक्षा झाली की मेडिकल, मग पेपर. सोबत ओपन युनिव्हर्सिटीतून पदवी करेल. भाऊ जरा नाराज आहे, त्याला वाटतं वर्ष वाया जाणार. सेमिनारवाल्यांना ते तीन प्रश्न मेल केलेत, त्यानंतर फोन यायचे थांबलेत :)

एक शेवटचं, त्याला चष्मा आहे, दीडचा नंबर. क्लास वनला अडचण येईल का? तो रात्रीपासून याच टेन्शनमध्ये आहे.

---

विंडसॉक

चष्म्याने काही होत नाही, माझ्या शेजारी बसणारे निम्मे कॅप्टन चष्मेवाले आहेत. चष्मा लावून नीट ६/६ दिसलं पाहिजे, आणि एक जादाचा चष्मा ड्युटीवर बरोबर ठेवावा लागतो. दीडचा नंबर काहीच नाही. लेसिक वगैरे आत्ता घाईने करून घेऊ नका, त्याचे वेगळे नियम आहेत आणि ऑपरेशननंतर थांबावं लागतं. रंग ओळखण्याची टेस्ट मात्र महत्त्वाची, ठिपक्यांच्या पाटीवर आकडे वाचायचे असतात, ती लातूरला कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे दहा मिनिटांत होते, उद्याच करून घ्या म्हणजे पोरगा झोपेल तरी.

आणि वर्ष वाया वगैरे काही जात नाही त्याला सांगा. वयाची अट १८ पूर्ण एवढीच आहे आणि रिटायर ६५ ला.